कामाला बाई हवी? आधी वही काढा

आमच्या गोव्यातल्या पर्वरीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून दोनदा तरी एक निरोप येतो : "कामाला बाई हवी. प्रामाणिक, स्वच्छ, वेळेवर येणारी, कमी बोलणारी." काम काय, वेळ किती, पगार किती, याबद्दल अवाक्षर नसतं. अशा जाहिरातीला आपल्या मुलांनी अर्ज केला असता का? खाली तीन-चार जणी लिहितात, "मिळाली तर मलाही सांग गं." दोन महिन्यांनी त्याच ग्रुपवर तक्रार येते : आली, पंधरा दिवस टिकली, न सांगता गेली. या लोकांना कामच नको असतं.

ही तक्रार मीही केलेली आहे. २१ वर्षांत आमच्याकडे सहा जणी कामाला आल्या. पहिल्या चौघी मिळून जेमतेम पाच वर्षं टिकल्या. पाचवी नऊ वर्षं होती, नंतर तिच्या लेकीच्या बाळंतपणासाठी गावी गेली. आत्ताची अक्का सातव्या वर्षात आहे. चौथी गेल्यावर आणि पाचवी येण्याआधी मी फरक एवढाच केला, की एक दोनशे पानी वही विकत आणली. त्या वहीत काय लिहायचं आणि ते लिहिण्याआधी काय करायचं, ते इथे क्रमाने सांगते.

आठवडाभर स्वतः करा, घड्याळ लावून

बाई शोधायला निघण्याआधी एक आठवडा घरातलं सगळं काम घरच्यांनीच करायचं आणि प्रत्येक कामाला लागलेली मिनिटं लिहायची. घरच्यांनी म्हणजे नवऱ्यानेसुद्धा. आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा आकडा असा निघाला : केर काढायला १८ मिनिटं, लादी पुसायला ३५, भांड्यांना ४०. म्हणजे रोजचा दीड तास झाला. आठवड्यातून तीनदा दोन न्हाणीघरं, त्यांची ३५ मिनिटं वेगळी. आधीच्या चौघींना मी "तासाभराचं तर काम आहे" असं सांगून ठेवलं होतं. त्या टिकल्या नाहीत यात नवल ते काय!

लिहिताना गोव्यातलं घर डोळ्यांसमोर ठेवा. जून ते सप्टेंबर तांबडा चिखल दारापर्यंत येतो, एकदा पुसलेली लादी दुपारी पुन्हा पुसावी लागते, कपाटातल्या चामडी पिशव्यांवर पांढरी बुरशी चढते. हे काम मे महिन्यात ठरवलेल्या दीड तासात बसत नाही. ते "पावसाळ्याचं काम" म्हणून वेगळं लिहा.

दुसरी गोष्ट नुस्त्यांची, म्हणजे मासळीची. केर, लादी, भांडी ठरलेली असतात आणि एके दिवशी बाजारातून अर्धा किलो सुंगटं (कोळंबी) येतात. "जरा सोलून दे" असं आपण सहज म्हणून जातो. तेवढी सुंगटं सोलून, दोरा काढून, धुऊन ठेवायला मला २५ मिनिटं लागली. आदोळीवर (विळीवर) बसून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, फोडायच्या तर त्याहून जास्त. नंतर हाताला वास राहतो आणि तिला पुढच्या घरी जायचं असतं, तिथले लोक शाकाहारी असू शकतात. नुस्तं साफ करणं हे वेगळं काम आहे, त्याचे पैसे वेगळे. नारळ खोवणं, कपडे इस्त्रीला नेऊन देणं, म्हाताऱ्या सासऱ्यांजवळ तासभर बसणं, हीसुद्धा वेगळीच कामं. "जरा" या शब्दाखाली काय काय जातं, ते आठवडाभरात आपोआप कळतं.

दराचं गणित

आता पगार. बहुतेक घरं शेजारी विचारून ठरवतात : तू किती देतेस, मग मीही तेवढेच. शेजारणीनेही तिच्या शेजारणीला विचारलेलं असतं. त्यापेक्षा भागाकार करा. समजा, महिन्याला ३,००० रुपये ठरले, रोज दीड तास आणि महिन्याचे २६ दिवस. म्हणजे ३९ तास, ताशी ७७ रुपये. बरं वाटतं ऐकायला. आता ती म्हापशाहून बसने येते, एका वेळचे २० रुपये. महिन्याचे १,०४० रुपये बसलाच गेले, उरले १,९६०. ताशी ५० झाले. येण्याजाण्याचा रोजचा एक तास धरला, तर ६५ तासांना १,९६० म्हणजे ताशी ३० रुपये. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण घाला.

तळाचा आकडा कुठला धरायचा? गोवा सरकारचं श्रम खातं अकुशल कामगारांचं किमान वेतन जाहीर करतं आणि महागाई भत्त्याप्रमाणे ते बदलत राहतं. खात्याचं कार्यालय पणजीला पाटोवर, श्रमशक्ती भवनात. तिथला ताजा रोजचा आकडा घ्या आणि आठाने भागा, तो झाला तासाचा तळ. माझ्या मते घरकामाला त्यावर निदान तिसरा हिस्सा चढवायला हवा, कारण कारखान्यातल्या कामगाराला आठ तास सलग मिळतात आणि हिला मिळतात तुकडे : साडेसात ते नऊ एका घरी, मग अर्धा तास उन्हात चालत दुसऱ्या घरी, मधल्या वेळेत कुठेतरी जिन्यावर बसायचं. त्या मधल्या वेळेचे पैसे कुणीच देत नाही.

"एवढे परवडत नाहीत" हे उत्तर मी समजू शकते. पण मग कामाचे दिवस कमी करा. आठवड्यातून तीन दिवस बाई आणि उरलेले दिवस आपण, अशी कितीतरी घरं चालतात. तासाचा दर पाडायचा नाही.

शोधायचं कुठे

सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे शेजारच्या घरी आधीच येणारी बाई. तिची बस तीच, वेळ जवळपासची, मधलं चालणं वाचतं. तिला वेळ नसेल तर तिची जाऊ, बहीण, वाड्यावरची कुणी असते. दुसरा रस्ता पोसरकाराचा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कोण कुठे कामाला जाते, कुणाचं काम सुटलं, कुणाची उधारी थकली, सगळं ठाऊक असतं. वॉचमनलाही माहिती असते, पण काही ठिकाणी तो बाईकडून पहिल्या पगारातले पैसे घेतो. ते आधीच विचारून बंद करा.

एजन्सी लागते ती बहुधा चोवीस तास राहणारी मुलगी हवी असेल तेव्हा. झारखंड, ओडिशा, आसामकडून आणलेल्या मुली असतात. एजन्सीला तीन प्रश्न विचारा : पगार तिच्या खात्यावर जाणार की तुमच्या? तिची मूळ कागदपत्रं कुणाकडे आहेत? तिला घरी परत जायचं झालं तर कुणाची परवानगी लागते? एकाही उत्तरात "आम्ही बघू" आलं, तर तिथून उठा.

आणि वय. "लहान आहे, पण शाळेत घालतो, घरात थोडी मदत करील" हे वाक्य आपल्याकडे चांगल्या चांगल्या घरांत ऐकलं आहे. घरकामाला मुलं ठेवण्यावर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २००६ पासूनच बंदी घातली. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला, मोजके अपवाद सोडले तर, कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. गोव्याचा स्वतःचा बालकायदा २००३ चा आहे. शेजारी असं मूल दिसलं, तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे.

पहिली भेट

तिला खुर्चीवर बसवा. हे लिहावं लागतं याची मला लाज वाटते, पण लिहिते. उभं राहून कुणी पगाराची घासाघीस करू शकत नाही, आणि आपण तेच हेरून तिला दारात उभी ठेवतो.

मग घर दाखवा, सगळ्या खोल्या, पलंगाखालीसुद्धा. यादी वाचून दाखवा. आपण बोलण्याआधी तिला विचारा, "तू कुठलं काम करत नाहीस?" संडास साफ करायला काही बायका नकार देतात. त्यामागे जातीचा मोठा इतिहास आहे आणि ते काम ज्यांच्या माथी मारलं गेलं त्यांचाही. नकार मिळाला तर वाद नको. तेवढं काम घरच्यांनी करायचं किंवा वेगळा दर विचारायचा. आमच्याकडे संडास आम्हीच धुतो, रविवारी, आळीपाळीने. मुलाला पहिल्यांदा ब्रश हातात दिला तेव्हा तो म्हणाला, "हे अक्काचं काम ना?" तेव्हापासून त्याची पाळी चुकवलेली नाही.

भाषेचं म्हणाल, तर गोव्यात कामाला येणाऱ्या पुष्कळ बायका उत्तर कर्नाटकातल्या, गदग, हावेरी, बागलकोटकडच्या. दोन-चार वर्षांत त्यांना कोंकणी येते, मराठीही येते, आपल्याला मात्र वीस वर्षांत कन्नड येत नाही. "साकु" म्हणजे पुरे, "नाळे" म्हणजे उद्या, "नीरु" म्हणजे पाणी. एवढ्यावर माझं पहिलं वर्ष निघालं. "अक्का" म्हणजे ताई, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

कागदपत्रांत आधारची झेरॉक्स पुरे, मूळ कार्ड ठेवून घेऊ नका. घरकामगाराच्या पडताळणीसाठी जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज मिळतो. तो तिला समोर बसवून, काय लिहितो ते वाचून दाखवत भरा. पडताळणी तिनेही करायची असते, हे आपण विसरतो. घरात कोण कोण असतं, कुत्रा आहे का, दुपारी कोण एकटं असतं, कॅमेरा कुठे लावलाय, हे तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. कॅमेऱ्याचं नंतर कळलं तर तिचा विश्वास जातो, आणि तो जाणं रास्त आहे.

वहीचं पहिलं पान

मी लिहिलेलं पान जसंच्या तसं देते, आकडे तेवढे गाळून :

काम : केर, लादी, सकाळची भांडी. सोम-बुध-शुक्र न्हाणीघर (संडास सोडून).
वेळ : साडेसात ते नऊ. नऊ वाजता काम उरलं तर उरलं.
पगार : महिन्याला ____, पाच तारखेच्या आत. बसभाडं वेगळं.
सुट्टी : रविवार. शिवाय महिन्याला दोन दिवस भरपगारी, कारण विचारायचं नाही.
गावची रजा : वर्षाला १५ दिवस, निम्मे भरपगारी. महिनाभर आधी सांगायचं.
आजारपण : सात दिवसांपर्यंत पगार कापायचा नाही.
आम्ही गावाला गेलो तर : पगार चालू.
पाहुणे : चारपेक्षा जास्त माणसं जेवली तर त्या दिवसाचे जादा ____.
नुस्तं, नारळ, इस्त्री : विचारून, वेगळे पैसे.
चवथीआधीची (गणेशचतुर्थीआधीची) साफसफाई : दोन दिवस, जादा रोजाने.
चवथीला : एक पगार बोनस.
वाढ : दर एप्रिलला.
उचल : दोन महिन्यांच्या पगाराएवढी. दरमहा जास्तीत जास्त पाचवा हिस्सा कापायचा.
काम सोडणं / सोडवणं : दोन्ही बाजूंनी एक महिना आधी.

खाली माझी सही आणि तिची सही किंवा अंगठा, तारीख. पानाचा फोटो तिच्या फोनवर.

यातल्या दोन ओळींवर लोक हटकून अडतात. पहिली, "आम्ही गावाला गेलो तर पगार चालू." मे महिन्यात आपण पंधरा दिवस बाहेर जाणार, तिला म्हणणार "ये मग जूनला." त्या पंधरा दिवसांपुरतं दुसरं घर तिला कोण देणार? तिची भाड्याची खोली काही पंधरा दिवस सुट्टीवर जात नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हे उघडं पडलं. गेटपाशी थांबवलेल्या बायकांचे पगार कितीतरी घरांनी "कामच केलं नाही" म्हणून कापले. स्वतः ते घरी बसून पूर्ण पगार घेत होते.

दुसरी ओळ आजारपणाची. त्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढं सगळं लिहायचं कशाला? ती आमच्या घरचीच कशी."

या "घरचीच कशी" वर, म्हणजे "घरच्यासारखीच" वर, मी बराच विचार केला आहे, कारण माझं माहेर डिचोली तालुक्यातलं आणि हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरी मुंडकाराची, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची, बाई सकाळी अंगण झाडायला यायची, लग्नकार्यात चुलीपाशी बसायची, भाताच्या कापणीला यायची. कुणी तिला पगार विचारला नाही, कारण ती घरचीच कशी. तिची झोपडी मात्र भाटकाराच्या जमिनीत असायची आणि "नाही" म्हटलं तर कुठे जायचं हे तिला ठाऊक नव्हतं. मुंडकाराला राहत्या घरातून काढता येऊ नये म्हणून १९७५ मध्ये कायदा करावा लागला, तो उगाच नाही. घरच्या माणसाला रजा मागावी लागत नाही, जेवण उरण्याची वाट पाहावी लागत नाही, घरात वाटा असतो. यातलं काहीच देणार नसू, तर "घरची" म्हणून जादा काम तरी मागू नये. सासूबाईंनी नंतर वहीत स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली : "सणाला साडी तिच्या पसंतीची." ती आहे अजून.

पहिला आठवडा, आणि एक डाग

पहिले दोन-तीन दिवस तिच्याबरोबर राहा. मागे उभं राहून चुका काढायला नव्हे, वस्तू कुठे ते दाखवायला. लांब दांड्याचा पोछा घ्या, उकिडवं बसून पुसण्याने गुडघे जातात. सारण (केरसुणी) आणि हातमोजे तिच्या पसंतीचे आणा. पावसाळ्यात सतत ओल्या पायांना चिखल्या होतात, न्हाणीघरात घालायला रबरी चपला ठेवा.

फरशी कुठली, त्यावर पाणी कुठलं, हे सांगायची जबाबदारी आपली. हा धडा आम्हाला महाग पडला. माहेरी सोप्यावर जुनी तांबडी सिमेंटची जमीन आहे, पन्नास वर्षं पायांनी घासून आरशासारखी झालेली. चवथीच्या आधी कामाला आलेल्या नव्या मुलीला भावाने संडासचं ॲसिड दिलं, "कोपऱ्यातले काळे डाग काढ" म्हणून. तिने सांगितलं तसं केलं. फेस आला, तिने घाबरून पाणी ओतलं, आणि वाळल्यावर झोपाळ्याखाली ताटाएवढा पांढुरका, खरखरीत डाग उरला. ॲसिड सिमेंटमधला चुना खातं. संगमरवराचं आणि मोझेकचंही तेच होतं, व्हिनेगरसुद्धा चालत नाही. घरात सगळे तिच्यावर ओरडले. बाटली कुणी दिली होती, हे कुणी बोललं नाही. तिचा त्या आठवड्याचा पगार कापला. त्या डागावर आता चटई असते. मी जाते तेव्हा ती उचलून पाहते.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे दोन बाटल्या एकत्र करणं. संडास साफ करायच्या निळ्या द्रवात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ" या समजुतीने बंद न्हाणीघरात ती मिसळली, तर क्लोरीन वायू निघतो. डोळे चुरचुरतात, छाती भरून येते, जास्त झालं तर दवाखाना गाठावा लागतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवा आणि लेबल वाचता येत नसेल तर एकीला लाल रबर बांधा. भिंतीच्या बुरशीवर ब्लीच वापरायचं असेल, तर खिडकी उघडी, हातमोजे, नाकाला फडकं, आणि ते काम शक्यतो आपण करावं.

तांब्या-पितळेच्या समयांना चिंच पुरते. बाजारातली पावडर लागत नाही.

पगाराचा दिवस

पाच म्हणजे पाच तारीख. "सुट्टे नाहीत", "साहेब आले की देते" हे चालणार नाही. पैसे खात्यावर टाकायचे की रोख, हे तिला एकटीला विचारा, नवऱ्यासमोर नको. एकीने मला सांगितलं होतं, खात्यावर टाकलेले पैसे घरी मागितले जातात, अर्धे रोख द्या. मी दिले. वहीत दोन्ही आकडे लिहिले जातात, पुढे तिची सही.

पगाराच्याच दिवशी एकदा तासभर काढून तिचे कागद लावून द्या. केंद्र सरकारची ई-श्रम नोंदणी २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे. वय १६ ते ५९, पीएफ-ईएसआय नसलेल्या आणि आयकर न भरणाऱ्या असंघटित कामगारांसाठी, फुकट. आधार आणि त्याला जोडलेला फोन लागतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे, १८ ते ७० वयासाठी. जीवन ज्योती या आयुर्विम्याचे वर्षाला ४३६ रुपये, १८ ते ५० वयात काढता येतो. दोन्ही मिळून ४५६ रुपये. हे आपणच भरावेत, फार विचार करू नये. श्रमयोगी मानधन पेन्शनमध्ये ४० वर्षांपर्यंतच शिरता येतं, वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये, साठीनंतर महिन्याला ३,०००. बाई गोव्यात पाच वर्षं राहत असेल, तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड आहे का विचारा. आमच्या अक्काचं होतं, पण नूतनीकरण राहिलं होतं.

योजना आहेत, पण घरकामगारांसाठी देशपातळीवर वेगळा कायदा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. भारताने बाजूने मत दिलं, पण त्याला अजून मान्यता दिलेली नाही. शेजारच्या महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ च्या निकालात केंद्राला यासाठी समिती नेमायला सांगितलं. तोवर वहीचं पान हाच काय तो आधार. एक कायदा मात्र आजही तिच्या बाजूने आहे : कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, जिल्हाधिकारी कार्यालयात पत्ता मिळतो. हे तिला पहिल्या महिन्यातच सांगा. "आमच्या घरी तसलं काही नाही" हे खरं असेलच, पण ती पाच घरांत जाते.

कप, लिफ्ट, खुर्ची

अक्का पहिल्या दिवशी आली, काम झालं, मी चहा टाकला. तिने आपल्या कापडी पिशवीतून स्टीलचा पेला काढून ओट्याच्या कडेला ठेवला. आधीच्या घरी तसं होतं. मी म्हटलं, हा शेल्फवरचा घे. तिने हात लांब करून, सगळ्यांत मागचा, कान तुटलेला कप उचलला. धड कप घ्यायला तिला आठेक महिने लागले. माझ्या माहेरी मागल्या दारी खिडकीच्या गजाला एक ॲल्युमिनियमचा पेला अडकवलेला असायचा. तो कुणाचा, हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्हा पोरांना ते न सांगता कळलं होतं.

सोसायटीच्या सभेत कामाच्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट आणि जाताना गेटवर पिशवी तपासणं, असे ठराव येतात. कारण "सुरक्षितता" सांगतात. पिशवी तपासायचीच असेल, तर सगळ्यांची तपासा, माझीही, कार्यकारिणीच्या सभासदांचीही. आमच्याकडे हे वाक्य मी सभेत बोलले आणि ठराव बारगळला. लिफ्टचा ठराव मात्र झाला. अक्का पाचव्या मजल्यावर जिन्याने येते, कारण सर्व्हिस लिफ्ट निम्मा वेळ बंद. म्हणून तिची वरखाली जायची दहा मिनिटं मी कामाच्या वेळेत धरते.

हे काम हलकं, ही समजूत येते तरी कुठून? गोव्याची माणसं पिढ्यान् पिढ्या परमुलखात हेच काम करत आली. मुंबईतल्या साहेबांच्या घरी गोव्याचे स्वयंपाकी, गोव्याच्या आया, बोटींवर गोव्याचे खलाशी आणि वाढपी. आजही पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला, तिथल्या स्विंडन शहरात गेलेल्यांत गोदामांत काम करणारे आहेत, साफसफाई करणारेही. तिथून पैसे येतात, गावचं घर नवं होतं, फेस्ताला (चर्चच्या सणाला) फोटो येतात, आणि ताशी पाऊंड किती मिळतात हे अभिमानाने सांगितलं जातं. तोच पोर इथे पणजीत लादी पुसू लागला, तर आई चार लोकांत सांगेल का? झाडू दोन्हीकडे सारखाच आहे. तिकडे ताशी दर ठरलेला आहे, सुट्टी ठरलेली आहे आणि मालक नावाने हाक मारतो.

नावाचं आलंच तर, आपली मुलं तिला काय म्हणतात ते ऐका. "ए बाई" ऐकू आलं तर आधी आपण काय म्हणतो ते ऐका.

शिळं अन्न आणि जुने कपडे : द्यायचे तर विचारून, आणि पगाराच्या बदल्यात कधीच नाही. काल उरलेली आमटी आपण आज खाणार असू, तरच ती तिला द्यायच्या लायकीची.

काही हरवलं तर

हरवतंच. आमची सोन्याची कुडी एकदा हरवली. पहिलं नाव कुणाचं आलं, सांगायला नको. मी पाचव्या बाईला विचारलं नाही, पण दोन दिवस तिच्याशी नीट बोललेही नाही, आणि तिला ते कळलं. तिसऱ्या दिवशी कुडी वॉशिंग मशीनच्या रबराच्या घडीत सापडली, उशीच्या अभ्र्यातून गेलेली. म्हणून नियम : मशीन, पलंगाची फट, पर्सचं अस्तर, गाडीची सीट, बँकेचा लॉकर, या क्रमाने आधी शोधा. मग सगळ्या घरासमोर, "अमुक दिसत नाही, कुणाला दिसली का?" एवढंच विचारा. तिची पिशवी उघडायची नाही. खरोखरच संशय असेल तर पोलीस आहेत, आपण पोलीस नाही. आणि दागिने कपाटात कुलपात ठेवणं हा तिच्यावरचा अविश्वास नव्हे, त्याने तिचीच सोय होते.

काम थांबवताना

कधी जमत नाही. वेळ जुळत नाही, काम पटत नाही, आपल्याला दुसरीकडे जायचं असतं. तेव्हा फोन उचलायचं बंद करणं, किंवा "आता सून आलीये, ती करते" अशी थाप मारणं, हे नको. महिनाभर आधी समोर बसून सांगा, वही उघडा, उरलेली उचल आणि उरलेली रजा एकमेकांतून वजा करा. माझ्याकडे एकदा उचलीचे १,२०० रुपये बाकी राहिले होते आणि तिच्या भरपगारी रजेचे पैसे १,४०० निघाले. दोनशे मीच तिला देणं लागत होते. वही नसती तर मी जन्मभर उलटंच सांगत फिरले असते.

शेवटच्या दिवशी अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या : अमुक साल ते अमुक साल आमच्याकडे कामाला होती, कुठलं काम करायची, कसं करायची, कामाची वेळ किती, शेवटचा पगार किती. पगाराचा आकडा मुद्दाम घाला, म्हणजे पुढचं घर त्याखालून सुरुवात करणार नाही. खाली आपला फोन नंबर लिहा. आणि चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला, तर उचला.